दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढावा

दोन शहरांची नावे टाकली की त्यांच्यातील अंतर आणि विमानाला लागणारा वेळ क्षणात सांगणारी संकेतस्थळे आता पुष्कळ आहेत. त्यांतली बरीचशी सरळ अंतराला ताशी ८०० किंवा ९०० किलोमीटरने भागतात, उड्डाण आणि उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात आणि आलेला आकडा दोन्ही दिशांना सारखाच लागू करतात. लंडन ते टोकियो हा प्रवास या पद्धतीने सव्वाअकरा तासांचा ठरतो, प्रत्यक्षात मात्र ब्रिटिश किंवा जपानी कंपनीच्या विमानाला आज त्यासाठी सुमारे १४ तास लागतात. या पावणेतीन तासांच्या फरकामुळे पुढचे जोडउड्डाण चुकू शकते, म्हणून हा हिशेब नीट समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते. अंतर ही स्थिर गोष्ट आहे आणि ते एकदाच काढावे लागते. वेळ मात्र दिशा, ऋतू, विमानाचा प्रकार आणि कोणत्या देशाची हवाई हद्द खुली आहे यानुसार बदलतो. म्हणून आधी अंतर, मग मार्ग, मग वारा आणि शेवटी घड्याळ या क्रमाने जाणे सर्वांत सोयीचे ठरते.

या लेखात उदाहरणासाठी मुख्यतः लंडन आणि टोकियो ही जोडी घेतली आहे, कारण या एकाच जोडीत जवळजवळ सर्व अडचणी एकत्र भेटतात. पद्धत मात्र कोणत्याही दोन शहरांना तशीच्या तशी लागू पडते.

पहिली पायरी : नेमके कोठून कोठे, हे ठरवा

शहर म्हणजे एक बिंदू नव्हे. लंडनच्या परिसरात हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत. टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन मोठे विमानतळ असून हानेदा शहराच्या मध्याजवळ, तर नारिता सुमारे ६० किलोमीटर दूर आहे. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात हवेतल्या ६० किलोमीटरने चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडत नाही, पण तेच ६० किलोमीटर जमिनीवरून कापायला तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जातो. म्हणून हिशेब नेहमी विमानतळापासून विमानतळापर्यंत करावा आणि शहरापर्यंतचा प्रवास शेवटी वेगळा मिळवावा. तिकीट शोधताना शहराचा सामायिक संकेत वापरला, तर त्या शहरातील सर्व विमानतळांची उड्डाणे एकत्र दिसतात, त्यामुळे विमानतळाचा तीन अक्षरी संकेत तपासूनच पुढे जावे. हीथ्रोचा संकेत एलएचआर, हानेदाचा एचएनडी आणि नारिताचा एनआरटी आहे.

विमानतळ ठरला की त्याचे अक्षांश-रेखांश दशांश रूपात लिहून घ्या. ते अंश आणि मिनिटांत दिलेले असतील, तर मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवा, म्हणजे ५१ अंश २८ मिनिटे हे ५१.४७ अंश होतात. उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश धन, तर दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण लिहायचे असतात. ही खूण सर्वांत जास्त वेळा चुकते आणि चुकली की उत्तर पूर्णपणे फसते. न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळाचा रेखांश ७३.७८ पश्चिम आहे, आणि त्यामागचे ऋण चिन्ह राहून गेले तर तोच बिंदू मध्य आशियात, किर्गिझस्तानच्या दक्षिण भागात जाऊन पडतो.

दुसरी पायरी : बृहद्‌वृत्तावरचे अंतर काढा

सपाट नकाशावर दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून काढलेली रेषा हा सर्वांत जवळचा मार्ग नसतो. शाळेतल्या भिंतीवर बहुधा दिसणारा मर्केटर नकाशा १५६९ साली दर्यावर्दी लोकांसाठी तयार झाला. त्यावर एकाच दिशेने चालणाऱ्या जहाजाचा मार्ग सरळ रेषेत दिसतो, पण ध्रुवांकडे जाताना प्रदेश प्रमाणाबाहेर ताणले जातात. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्तावरून जातो, म्हणजे ज्या वर्तुळाचा केंद्रबिंदू पृथ्वीच्याच केंद्रात आहे, त्या वर्तुळाच्या कमानीवरून. पृथ्वीगोल हाताशी असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरावा. ताणलेला दोरा जिथून जातो, तोच हा मार्ग.

सिडनी आणि चिलीतील सांतियागो ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर, सुमारे ३३ ते ३४ अंश दक्षिणेला आहेत. नकाशा पाहणाऱ्याला विमान पॅसिफिकवरून सरळ पूर्वेकडे जात असेल असे वाटते. अक्षवृत्ताला धरून गेल्यास हे अंतर सुमारे १२,७७० किलोमीटर भरते, तर बृहद्‌वृत्तावरून ते ११,३४० किलोमीटर आहे. जवळपास १,४०० किलोमीटरची ही बचत साधण्यासाठी मार्गाला ६२ अंश दक्षिणेपर्यंत, म्हणजे अंटार्क्टिकाच्या शेजारापर्यंत खाली उतरावे लागते.

अंतर काढण्याचे प्रचलित सूत्र हॅवरसाइन या नावाने ओळखले जाते. पाच-सहा पायऱ्यांचे हे काम साध्या वैज्ञानिक गणकयंत्रावर होते आणि एकदा तरी ते हाताने करून पाहावे असा माझा आग्रह आहे, कारण त्यानंतर संकेतस्थळावरचा आकडा कोठून आला हे कळते. हीथ्रोसाठी ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम आणि हानेदासाठी ३५.५५ उत्तर, १३९.७८ पूर्व हे आकडे घेऊ.

प्रथम दोन अक्षांशांतला फरक काढून त्याचा अर्धा घ्या. फरक १५.९२ अंश, अर्धा ७.९६ अंश. त्याच्या साइनचा वर्ग ०.०१९२ येतो. मग रेखांशांतला फरक काढा. एक पश्चिम आणि एक पूर्व असल्याने इथे बेरीज होते, १४०.२३ अंश. (हा फरक १८० अंशांपेक्षा जास्त आला, तर तो ३६० मधून वजा करावा.) त्याचा अर्धा ७०.११५ अंश आणि त्याच्या साइनचा वर्ग ०.८८४३. आता दोन्ही अक्षांशांचे कोसाइन परस्परांनी गुणा, ०.६२२९ गुणिले ०.८१३६ म्हणजे ०.५०६८. या गुणाकाराला आधीच्या ०.८८४३ ने गुणले की ०.४४८२ मिळतात. त्यात पहिला वर्ग, ०.०१९२, मिळवल्यावर बेरीज ०.४६७४ होते. या बेरजेचे वर्गमूळ ०.६८३६ आणि ज्या कोनाचा साइन इतका आहे तो कोन ४३.१३ अंश. त्याची दुप्पट म्हणजे ८६.२६ अंश, आणि हाच दोन विमानतळांमधला पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन आहे.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर एका अंशाची कमान १११.१९५ किलोमीटरची असते. ८६.२६ ला त्याने गुणल्यावर सुमारे ९,५९० किलोमीटर हे उत्तर मिळते. याची लगेच पडताळणीही करता येते. वैमानिक आणि नाविक वापरतात तो सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो आणि एका अंशात जवळजवळ ६० सागरी मैल बसतात, म्हणून ८६.२६ गुणिले ६० म्हणजे सुमारे ५,१७६ सागरी मैल. त्यांचे किलोमीटर करून पाहिले, तर आकडा त्याच आसपास येतो.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवांवर ६,३५७ किलोमीटर आहे. या चपटेपणामुळे वरच्या सूत्राच्या उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते, म्हणजे आपल्या उदाहरणात ५० किलोमीटरपेक्षा कमी. प्रवासाच्या नियोजनाला एवढी अचूकता पुरेशी आहे. दोन संकेतस्थळे वीस-तीस किलोमीटर वेगळे आकडे देत असतील, तर त्याचे कारण बहुधा हेच असते आणि त्यावर वेळ घालवू नये. त्याऐवजी एकक जरूर पाहावे. इंग्रजी संकेतस्थळांवरचा मैल कधी १.६०९ किलोमीटरचा असतो, कधी १.८५२ किलोमीटरचा, आणि मोठ्या अंतरावर या दोहोंतली गल्लत हजार किलोमीटरहून मोठी चूक घडवते.

आणखी एक कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत, कारण तो पृथ्वीचा अर्धा घेर आहे. उत्तर त्याहून मोठे आले, तर चूक खूण लिहिण्यात किंवा एककात आहे.

तिसरी पायरी : विमान खरोखर कोणत्या मार्गाने जाते ते पाहा

लंडनहून टोकियोकडे निघालेले बृहद्‌वृत्त पूर्वेकडे न जाता ईशान्येच्याही उत्तरेला झुकून निघते, ७१ अंश उत्तरेपर्यंत चढते आणि सायबेरियावरून खाली उतरते. अनेक वर्षे युरोप आणि जपानमधली विमाने साधारण याच वाटेने जात होती आणि लंडन-टोकियो प्रवास साडेअकरा ते बारा तासांत होत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर ब्रिटन आणि युरोपीय संघाने रशियन विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, रशियाने त्यांच्या कंपन्यांना आपली बंद केली, आणि जपानी कंपन्यांनीही रशियावरून उडणे थांबवले. तेव्हापासून या कंपन्यांची विमाने एक तर दक्षिणेकडून तुर्कस्तान, कॉकेशस, मध्य आशिया आणि चीनवरून जातात, किंवा उत्तर पॅसिफिक, अलास्का, आर्क्टिक आणि ग्रीनलँडच्या बाजूने वळसा घेतात.

अशा वळशाची लांबी काढणे अवघड नाही. मार्गावरची चार-पाच ठळक ठिकाणे निवडून प्रत्येक तुकड्याचे अंतर वरच्या पद्धतीने काढावे आणि बेरीज करावी. लंडन ते इस्तंबूल सुमारे २,५००, इस्तंबूल ते बाकू १,७५०, बाकू ते अल्माती २,२५०, अल्माती ते बीजिंग ३,२५० आणि बीजिंग ते टोकियो २,१०० किलोमीटर धरले, तर एकूण ११,८५० किलोमीटर होतात. बृहद्‌वृत्तापेक्षा हे अंतर सव्वादोन हजार किलोमीटरने जास्त आहे. विमान नेमक्या याच शहरांवरून जाईल असे नाही, पण वळसा किती मोठा आहे याचा अंदाज यातून पुरेसा येतो. चिनी कंपन्यांची विमाने मात्र रशियावरून उडत राहिली. त्यामुळे युरोप आणि पूर्व आशियातील त्याच दोन शहरांमध्ये एका कंपनीचे उड्डाण दुसरीच्या उड्डाणापेक्षा दोन तासांनी लांब असू शकते, आणि वेळापत्रकात असा फरक दिसला की तो छापील चूक समजू नये.

हवाई हद्द खुली असतानाही विमान काटेकोरपणे बृहद्‌वृत्तावरून जात नाही. धावपट्टीच्या दिशेने उड्डाण करून वळणे, ठरलेले हवाई मार्ग पाळणे, लष्करी क्षेत्रे आणि वादळे टाळणे यांमुळे लांब अंतरावर साधारण तीन ते पाच टक्के भर पडते. दोन इंजिनांच्या विमानांसाठी आणखी एक बंधन आहे. एक इंजिन बंद पडल्यास ठरलेल्या वेळेत पोहोचता येईल असा विमानतळ मार्गाच्या आवाक्यात असावा लागतो. ही मर्यादा १९५३ मध्ये अमेरिकेत ६० मिनिटांची होती, १९८५ पासून १२० मिनिटांची परवानगी मिळू लागली, आणि २०१४ मध्ये एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. त्यामुळे उत्तर गोलार्धात आता हे बंधन फारसे जाणवत नाही. दक्षिण पॅसिफिकसारख्या ओसाड महासागरावर मात्र मार्ग आखताना ते अजूनही विचारात घ्यावे लागते.

चौथी पायरी : वेग आणि वारा यांचा हिशेब

लांब पल्ल्याची आजची विमाने, म्हणजे बोइंग ७७७, ७८७ आणि एअरबस ए३५०, ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ८४ ते ८५ टक्के वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, म्हणून विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या जवळ येतो. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० सारखी लहान विमाने साधारण ताशी ८३० किलोमीटरने जातात. हा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो, जमिनीच्या नव्हे. हवाच वाहत असेल, तर जमिनीवरचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक किंवा उणे वाऱ्याचा वेग.

आणि त्या उंचीवर हवा नेहमीच वाहत असते. दोन्ही गोलार्धांच्या मध्य अक्षांशांत साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण विषुववृत्तीय आणि थंड ध्रुवीय हवेच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे परिवलन यांतून ते निर्माण होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून वारेही जोरात असतात. त्यांचा वेग बऱ्याचदा ताशी १५० ते २०० किलोमीटर असतो आणि कधीकधी ३०० च्याही पुढे जातो. ९ फेब्रुवारी २०२० रोजी वादळी हवामानात न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले, तेव्हा जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. एरवी त्याच ५,५४० किलोमीटरसाठी पूर्वेकडे जाताना साडेसहा-सात तास आणि पश्चिमेकडे परतताना साडेसात-आठ तास लागतात.

पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला कमी वेळ लागायला हवा, अशी समजूत बऱ्याच जणांची असते. जमीन, विमान आणि भोवतालचे वातावरण हे सारे एकत्रच फिरत असल्याने असा फायदा मिळत नाही. दोन दिशांच्या वेळांतला फरक येतो तो वाऱ्यामुळे.

जाताना गमावलेला वेळ येताना भरून निघतो हेही खरे नाही. ९,००० किलोमीटरचा प्रवास आणि ताशी ९०० किलोमीटर वेग घेतला, तर वारा नसताना प्रत्येक दिशेला १० तास, म्हणजे जाऊन-येऊन २० तास लागतील. ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल, तर ९ तास लागतात. तोच समोरून आला, तर ११ तास १५ मिनिटे. बेरीज २० तास १५ मिनिटे होते, कारण विमान समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ घालवते. म्हणून दोन्ही दिशांची सरासरी काढून एकच वेळ सांगणाऱ्या आकड्यावर मी विसंबत नाही.

विमान कंपन्या याच कारणामुळे रोजच्या वाऱ्यांप्रमाणे मार्ग बदलतात. उत्तर अटलांटिकवरचे मार्ग तर दिवसातून दोनदा नव्याने आखले जातात. मुळात अंतर फार मोठे असेल, तर वारा बृहद्‌वृत्तावरही मात करतो. सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यातले सरळ अंतर सुमारे १५,३४० किलोमीटर असून ती कमान उत्तर ध्रुवाच्या जवळून जाते. पण सिंगापूरहून निघालेले विमान अनेकदा लांबच्या पॅसिफिक मार्गाने पूर्वेकडे जाते, कारण तिथे वारा पाठीशी मिळतो. परतताना ते अटलांटिक आणि युरोपवरून पुन्हा पूर्वेकडेच उडताना दिसते. साडेअठरा तासांच्या आसपासच्या या उड्डाणात हजार किलोमीटरचा जादा प्रवास चांगल्या वाऱ्यामुळे स्वस्त पडतो.

घरी अंदाज बांधण्यासाठी पुढचे नियम पुरेसे आहेत. विषुववृत्ताजवळ किंवा उत्तर-दक्षिण दिशेच्या प्रवासात वारा शून्य धरावा. मध्य अक्षांशांत पूर्वेकडे जाताना ताशी ५० ते १०० किलोमीटर मिळवावेत आणि पश्चिमेकडे जाताना तितकेच वजा करावेत, हिवाळ्यात वरचा आकडा आणि उन्हाळ्यात खालचा. मार्ग उत्तर-दक्षिणही सरकत असेल, तर याहून कमी धरावे.

पाचवी पायरी : गेटपासून गेटपर्यंतचा वेळ

वेळापत्रकात लिहिलेला कालावधी विमान हवेत असल्याचा नसतो. तो विमान गेटपासून मागे सरकल्यापासून दुसऱ्या विमानतळाच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाण्यास मोठ्या विमानतळावर पंधरा-वीस मिनिटे लागतात, उतरल्यावर आणखी पाच-दहा मिनिटे, आणि चढताना व उतरताना वेग कमी असल्याने थोडी भर पडते. हे सारे मिळून ३५ ते ४० मिनिटे धरावीत.

आता आपले उदाहरण पूर्ण करू. दक्षिणेच्या मार्गाचे ११,८५० किलोमीटर आणि सौम्य पाठवाऱ्यासह ताशी ९३० किलोमीटर वेग घेतला, तर हवेतले पावणेतेरा तास होतात. ठळक ठिकाणांवरून मोजल्यामुळे या अंतरात वळणे आधीच आली आहेत, म्हणून पुन्हा टक्केवारी मिळवायची नाही. त्यात ३५ मिनिटे धरली की १३ तास २० मिनिटे. वेळापत्रकात याहून वीस-तीस मिनिटे जास्त दिसतात, कारण कंपन्या मागच्या उड्डाणांचा अनुभव पाहून थोडी मोकळीक ठेवतात. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान या व्यवसायात वेळेवर आले असे मोजले जाते. मोकळीक ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

हा अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहण्यासाठी फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर यांसारख्या सेवांवर उड्डाण क्रमांक टाकावा आणि मागच्या आठवड्यातील त्याच उड्डाणांचा प्रत्यक्ष मार्ग आणि वेळ पाहावा. प्रवास ज्या ऋतूत करायचा आहे, त्याच ऋतूतील नोंदी मिळाल्यास उत्तम, कारण जुलैमधल्या नोंदीवरून जानेवारीचा अंदाज बांधला की पश्चिमेकडच्या उड्डाणात अर्धा-पाऊण तासाची तूट येऊ शकते.

सहावी पायरी : घड्याळातला फरक

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहरातली आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहरातली असते. दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये बदलून मगच वजाबाकी करावी. समजा, विमान १५ जानेवारीला सकाळी ११:२० ला लंडनहून निघते आणि १६ जानेवारीला सकाळी १०:२० ला टोकियोला पोहोचते. नुसती वजाबाकी केली तर २३ तास दिसतात. हिवाळ्यात लंडनची वेळ यूटीसीइतकीच असते, म्हणून निघण्याची वेळ ११:२०. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे आहे, म्हणून पोहोचण्याची वेळ १६ तारखेच्या पहाटे १:२०. कालावधी १४ तास.

उन्हाळ्यात हिशेब बदलतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनची घड्याळे एक तास पुढे असतात, जपानमध्ये मात्र उन्हाळी वेळ पाळली जात नाही, त्यामुळे दोन शहरांतला फरक ९ ऐवजी ८ तासांचा होतो. युरोप आणि अमेरिका वेगवेगळ्या आठवड्यांत घड्याळे बदलतात, आणि दक्षिण गोलार्धातील उन्हाळी वेळ उलट्या महिन्यांत येते. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या प्रवासात हा फरक त्या विशिष्ट तारखेसाठी तपासावा.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारीखही पाहावी लागते. टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेले विमान १० तासांनी लॉस एंजेलिसला पोहोचते, तेव्हा हिवाळ्यात तिथे त्याच तारखेचे सकाळचे १० वाजलेले असतात. उलट दिशेने सकाळी ११ ला निघून १२ तासांनी टोकियोला पोहोचणारा प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या दुपारी ४ वाजता उतरतो. हॉटेलची खोली चुकीच्या तारखेला राखली जाण्याचे प्रकार इथेच घडतात.

सातवी पायरी : मध्ये थांबा असेल तर

थांब्यामुळे अंतर किती वाढते, हे थांब्याचे शहर बृहद्‌वृत्ताच्या किती जवळ आहे यावर अवलंबून असते. लंडन ते सिडनी सरळ अंतर सुमारे १७,०२० किलोमीटर आहे. सिंगापूरमार्गे ते १७,१७० च्या आसपास होते, म्हणजे वाढ जेमतेम एक टक्का, तर लॉस एंजेलिसमार्गे ते २०,८०० च्या पुढे जाते. स्वस्त तिकिटांच्या यादीत दोन्ही मार्ग शेजारी दिसतात, म्हणून तुकड्यांची बेरीज सरळ अंतराशी ताडून पाहण्याची सवय ठेवावी. दहा टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा जाणवत नाही, त्याहून मोठी असल्यास किमतीतली बचत तेवढी आहे का, हे पाहावे.

एकच उड्डाण क्रमांक असला म्हणजे विमान मध्ये कोठेच थांबत नाही, असे समजू नये. क्वांटासचे सिडनी-लंडन उड्डाण क्यूएफ १ या एकाच क्रमांकाने सिंगापूरमार्गे चालते. तिकीट घेताना थांब्यांची संख्या या रकान्यात शून्य आहे का, हे बघावे.

थांब्याचा किमान वेळ प्रत्येक विमानतळासाठी ठरलेला असतो आणि एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणे असतील, तर कंपनी त्याहून कमी वेळाचा जोड विकत नाही. पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारीही बहुधा कंपनीची असते. दोन स्वतंत्र तिकिटे घेतली, तर ही जबाबदारी प्रवाशावर येते. अशा वेळी सामान पुन्हा घेणे, प्रवेशाची तपासणी, कदाचित दुसऱ्या विमानतळापर्यंतचा प्रवास आणि नव्याने चेक-इन, हे सारे मोजावे लागते. नारिताला उतरून हानेदाहून पुढे जायचे असेल, तर चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये असे माझे मत आहे, आणि पहिले उड्डाण हिवाळ्यात पश्चिमेकडे जाणारे असेल, तर त्यात समोरच्या वाऱ्यासाठी आणखी एक तास धरावा.

शेवटी दोन्ही टोकांचा जमिनीवरचा वेळ मिळवायचा. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी बहुतेक कंपन्या तीन तास आधी येण्यास सांगतात, आणि उतरल्यावर प्रवेश तपासणी आणि सामान यांसाठी एक ते दीड तास धरणे योग्य ठरते. घरापासून विमानतळापर्यंत एक तास आणि हानेदाहून शहरात अर्धा-पाऊण तास धरला, तर लंडनच्या दारापासून टोकियोच्या दारापर्यंतचा १४ तासांचा विमानप्रवास प्रत्यक्षात वीस तासांचा होतो. रजेचा अर्ज किंवा दुसऱ्या दिवशीची बैठक ठरवताना हाच आकडा वापरावा.